बाकावरची जागा

वजनकाटे तपासणं हे माझं काम. भाजीवाला असो, सोनार असो, नाहीतर लाकडाची वखार असो, मी पिशवीतली प्रमाणित वजनं काढते, एकेक करून काट्यावर ठेवते आणि काटा खोटा निघाला की सील ठोकून मोकळी होते. मला लांबून पाहिलं की दुकानदारांना एकदम काटा पुसायची आठवण होते. नवऱ्याची नि माझी ओळखही अशी वखारीतच झाली. तो सुतार. फळ्या घ्यायला आला होता आणि मी वखारवाल्याची खरडपट्टी काढत असताना बाजूला उभा राहून हसत होता. "इन्स्पेक्टर, जरा माझंही वजन करून बघा," म्हणाला. तेव्हापासून मी त्याची इन्स्पेक्टर. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून लांब नोकरीला गेली, पण घरातली हाक तीच राहिली. आम्ही पहिल्यापासून अरे-तुरेतले.

हे सांगायचं कारण एवढंच, की काट्यावर जे भरतं तेवढंच मी मानते. ऐकीव गोष्टींना माझ्याकडे भाव नाही. तरीही पुढचं मीच सांगतेय, तेव्हा ऐकून घ्या.

नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधोमध कापलं, आतलं काम केलं आणि हाड पुन्हा तारेनं बांधलं. "तारेनं?" शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला. "मला विचारलं असतं तर खाच पाडून बसवून दिलं असतं." तो विनोद झाला तेवढाच. त्यानंतर भीतीनं त्याला जे धरलं ते सोडेचना. त्याला वाटायचं, मोठा श्वास घेतला की सांधा उकलणार. खोकला आला तर तो दाबून धरायचा. घाम यायचा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन उत्तम झालंय, पण हा माणूस असाच वरच्यावर श्वास घेत राहिला तर छातीत पाणी धरेल आणि सगळं केलेलं वाया जाईल.

मग मी कंबर कसली. कितीजणांची अशी ऑपरेशनं होतात, कितीजण ठणठणीत घरी जातात, ती तार किती वजन पेलते, सगळं त्याला समजावलं. उशी छातीशी धरून खोकायचं कसं ते स्वतः खोकून दाखवलं. रागावले, लाडीगोडी लावली. त्याच्या पलंगाशेजारी एक यंत्र होतं, त्यावर हृदयाच्या ठोक्यांचा हिरवा आकडा दिसायचा. मी बोलत असताना तो आकडा वाढायचा. मी पाणी प्यायला बाहेर जाऊन आले की उतरलेला असायचा. हे वॉर्डच्या सिस्टरच्याही लक्षात आलं होतं. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती हळूच म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आकडा समोर होता आणि आकड्याशी मी भांडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हळूबाई आली.

तिचं खरं नाव काय ते मी कधी विचारलं नाही. वॉर्डात सगळे तिला हळूबाईच म्हणायचे, कारण तिच्या तोंडी सारखा तोच शब्द. ऑपरेशन झालेल्या माणसांना शांत करायचं हेच तिचं काम, त्याचाच पगार. राखाडी स्वेटर, रबरी तळव्यांचे बूट, केस मागे घट्ट बांधलेले. दिसायला चारचौघींसारखी. चांगली देखणी असती तर बरं झालं असतं, निदान माझ्या रागाला काही बूड मिळालं असतं.

"नातेवाइकांनी पडद्याबाहेर थांबायचं," तिनं मला सांगितलं आणि पडदा ओढून घेतला. मी बाहेर स्टुलावर बसले. कान काही पडद्यानं बंद होत नाहीत.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "आता पायाची बोटं आवळा. हळू. धरून ठेवा. आणि सोडा. सोडलेलं कसं वाटतंय ते बघा. आता पोटऱ्या. आवळा. हळू. सोडा." मग मांड्या, मग पोट. छाती तिनं वगळली. ती म्हणाली, छातीला आज सुट्टी, तिला काही करायचं नाहीये. नवरा चक्क हसला. मग मुठी, खांदे, जबडा, कपाळ. मग श्वास, नाकानं आत, तोंडानं बाहेर, फुंकर घातल्यासारखा. आणि मग तिनं विचारलं, "आता जिथे तुमच्याकडे कुणी काही मागत नाही, अशा जागी जायचंय. कुणाला बरोबर नेणार नाही ना?"

"नाही," माझा नवरा म्हणाला. एका क्षणाचाही विचार न करता.

नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. शेवटी तिचा आवाज पुन्हा आला. "आता निघायचं. तिथलं जे आहे ते तिथेच ठेवा. रिकाम्या हातानं या. बोटं हलवा. पाय हलवा. हळू. डोळे उघडा." पडदा सरकला. हिरवा आकडा मी कधी पाहिला नव्हता इतका खाली आला होता. नवरा लांब, खोल श्वास घेत पडला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षातला निवांतपणा होता. तो माझ्यामुळे आलेला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा उशिरा.

"कुठे गेला होतास रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एक लांब खोली आहे," तो म्हणाला. "भिंती पांढऱ्या, खिडक्या उंच. उजेड दुपारचा. खिडक्यांखाली एक बाक आहे, इन्स्पेक्टर, काय बाक आहे! एक खिळा नाही त्याला. सांधे असे बसवलेत की नख जायचं नाही. मी बसून नुसता हात फिरवत होतो."

"मी होते?"

"नाही."

"का नाही?"

तो जरा गोंधळला. "अगं, तिथे कुणी काही विचारत नाही ना, म्हणून बरं वाटतं," तो म्हणाला. वर आणि माझा हात थोपटला.

बाकाचा हेवा वाटू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण वाटला. रोज दुपारी हळूबाई यायची, पडदा ओढायची, आणि माझा माणूस उठून त्या बाकावर जाऊन बसायचा. त्याला उतार पडत होता, हे खरं. तो मोकळं खोकू लागला, जेवू लागला, माझा आधार घेऊन व्हरांड्यात चालू लागला. मी त्याच्या जखमेची पट्टी बघायचे, औषधं द्यायचे, पाठ पुसायचे, आणि तो दिवसभर दुपारची वाट बघायचा.

एकदा असंच त्याला चालवत होते. समोरून बायकांच्या वॉर्डातली एक बाई वॉकर ढकलत येत होती. पोस्टातून रिटायर झालेली, खुब्याचं ऑपरेशन झालेली, हे मला सिस्टरकडून नंतर कळलं. चांदीसारखे केस, नीट विंचरलेले. आम्हाला पाहून ती थांबली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "काल फार उशिरा आलात."

"हो ना," नवरा म्हणाला. "नेमक्या सिस्टर रक्त घ्यायला आल्या."

दोघं ओळखीचं हसले आणि ती वॉकर ढकलत पुढे गेली. मी जागच्या जागी उभी. माझा नवरा ऑपरेशनपासून माझ्याशिवाय एक पाऊल चाललेला नव्हता. पुरुषांच्या वॉर्डात बायकांच्या वॉर्डातल्यांना यायला बंदी. या दोघांची गाठ पडणार कुठे?

"कोण रे ती?"

"बाकावर असतात," तो म्हणाला. "माझ्या शेजारी."

संध्याकाळी मी त्या पोस्टाच्या बाईला गाठलं. मला वाटलं होतं ती उडवाउडवी करेल. तिनं उलट सगळं सरळ सांगितलं. लांब खोली, उंच खिडक्या, बिनखिळ्यांचा बाक. "तुमचे मिस्टर फार शांत आहेत हो," ती म्हणाली. "बाकावरून हात फिरवत बसतात. बाजूला कुणी असं असलं की बरं वाटतं." मी विचारलं, हळूबाई तुमच्याकडे येते ती आमच्यानंतर, मग तुम्ही दोघं एका वेळी तिथे कसे? त्यावर ती नुसती हसली. "तिथे दुपारच असते ना," म्हणाली.

मी स्वतःला समजावलं की हळूबाईच सगळ्यांना तेच वर्णन सांगत असणार. पण मी पडद्याबाहेर बसून तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. तिनं बाकाचं नावही कधी काढलं नव्हतं.

मी तिला जिन्यात अडवलं. "काय चाललंय तुमचं? माझा नवरा तिथे परक्या बाईच्या शेजारी बसतो म्हणे."

तिला हसू आलं नाही, रागही आला नाही. "ती जागा माझी नाही," ती म्हणाली. "मी दारापर्यंत सोडते आणि परत आणते. फक्त आपलं माणूस बरोबर न्यायचं नाही, एवढं मी प्रत्येकाला बजावते."

"का?"

"नेलेलं प्रत्येक माणूस परत आणावं लागतं. रुग्ण झोपाळलेला असतो, त्याच्या लक्षात राहत नाही."

म्हणजे मी बरोबर नकोच. मला कळायचं ते कळलं.

नंतर एक दिवस हळूबाईची सुट्टी होती. दुपार झाली तसा नवरा चुळबुळ करायला लागला. दाराकडे बघायचा, पांघरूण ओढायचा. हिरवा आकडा चढू लागला. श्वास पुन्हा वरच्यावर. सिस्टर दुसऱ्या पेशंटमागे धावत होती. मी उठले आणि पडदा ओढून घेतला, या वेळी आतल्या बाजूनं.

"डोळे मीट," मी म्हणाले. "पायाची बोटं आवळ. हळू."

मला सगळं पाठ होतं. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ. छातीला सुट्टी. माझा आवाज मलाच ओळखू येईना इतका मऊ झाला होता. आकडा उतरू लागला. माझ्या आवाजानं उतरत होता तो! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग मी म्हणाले ते मी ठरवून म्हणाले, उगाच तोंडातून निसटलं असं मी सांगणार नाही.

"तू बाकावर बसलायस," मी म्हणाले. "आणि शेजारी मी आहे. दुसरं कुणी नाही. तुझा हात माझ्या हातात आहे. मी काही विचारत नाही. मी इथून उठणार नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "इन्स्पेक्टर," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आलीस होय."

आकडा इतका खाली गेला की मीच दचकले. तेवढ्यात पडद्याबाहेर सिस्टरच्या ट्रॉलीची चाकं वाजली. मी घाईघाईनं त्याचा खांदा हलवला. "चल, परत ये. उठ, उठ. डोळे उघड." त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं, तिथे काहीतरी विसरल्यासारखं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत वॉर्डात कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या कोपऱ्यातला रिक्षावाला हळूबाईला म्हणत होता, आज मन लागलं नाही, बसायला जागाच नव्हती. पोस्टाच्या बाईनं मला व्हरांड्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी मुद्दाम आडवी गेले.

"तुम्ही बाकावरून उठत का नाही हो?" ती म्हणाली. "सगळ्या बाकावर तुम्हीच. आम्ही भिंतीला टेकून उभे. माझा खुबा नवीन आहे, मला उभं राहवत नाही."

"मी? मी तर इथे आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच आहात," ती म्हणाली. "पण तिथे जास्त चांगल्या दिसता."

हळूबाईनं मला दुसऱ्या दिवशी गाठलं. पहिल्यांदाच ती भरभर चालताना दिसली. "कुणाला नेलंत तुम्ही?"

"कुणाला नाही. मीच गेले."

"आणि परत कुणाला आणलंत?"

"त्याला."

"आणि तुम्हाला?" तिनं विचारलं. "अहो, मी कुठे गेले होते परत यायला?" मी म्हणाले. "मी त्याच्या पलंगाशेजारी बसले होते!"

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली. त्यानंतर तिनं बाकीच्या सगळ्या पेशंटना नुसता श्वासाचा व्यायाम ठेवला, जागेचं नाव काढणं बंद केलं. सिस्टर म्हणाली, बिचाऱ्यांची झोप गेली. मला वाईट वाटलं असं मी खोटं सांगणार नाही. मला सुटकाच वाटली. माझा माणूस आणि बाक, मध्ये कुणी नाही, असं माझ्या मनात आलं.

आम्ही घरी आलो. नवऱ्यानं स्वतः केलेली दोन माणसांची बैठक आहे आमच्याकडे, खिडकीशी. डाव्या बाजूला तो बसतो, उजव्या बाजूला मी. त्याचा व्यायाम आता तो आपला आपण करायचा, दुपारी जेवण झालं की. माझ्या आवाजाची त्याला गरज राहिली नव्हती. पायापासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल पडताना दिसायचा, आणि मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू यायचं. मी त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर बसून ते बघायचे. एका हाताच्या अंतरावर. त्याचा उजवा हात किंचित वळलेला असायचा, दुसरा हात धरल्यासारखा. मी एकदा माझा हात त्यात घातला. त्यानं झोपेत माशी झटकावी तसा तो बाजूला केला.

"मी असते का रे अजून तिथे?" मी विचारलं.

"असतेस की. रोज."

"काय बोलते मी?"

"काही नाही. ऐकतेस."

"ती बरी का मी?"

"वेडी आहेस का? तूच ना ती." तो हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "फक्त तिथे तू काही मोजत नाहीस."

स्वतःचाच मत्सर कधी केलाय तुम्ही? मी केला. माझ्याच चेहऱ्याची ती बया, माझ्याच हातानं त्याचा हात धरून बसलेली, ना पट्ट्या बदलायच्या, ना गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, ना पथ्यावरून वाईटपणा घ्यायचा. आणि सगळं श्रेय तिला! मी चिडचिडी झाले. तो खुशालच होता. त्याची जखम सुकली, तो जिना चढू लागला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिसेसनी काळजी घेतली हो छान. तो म्हणाला, "हो, तिच्यामुळेच." आणि मला कळेना, कुणामुळे.

मग एक दिवस त्याच्या ओळखीचा एक सुतार दारात आला आणि म्हणाला, यंत्रं न्यायला आलोय. सुतारकामाचा कारखाना बंद करताय ना तुम्ही. मी नवऱ्याकडे पाहिलं.

"असं काय बघतेस?" तो म्हणाला. "तुला सांगितलं होतं की. आता जड काम नको वाटतं, भीती वाटते रंधा धरायची. किती बोललो आपण. तू रडलीस सुद्धा."

"कधी?"

"परवा. बाकावर."

आयुष्यभराचं काम सोडायचं त्यानं ठरवलं, त्या भीतीबद्दल कुणाशी तरी मन मोकळं केलं, आणि ते ऐकायला मी नव्हते. ती होती. ती रडली होती, म्हणजे माझ्या वाटचं रडणंही तिनंच उरकून टाकलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन हळूबाईला फोन लावला.

"तिला तिथून काढायचंय," मी म्हणाले.

"काढता येत नाही. नेलेलं माणूस परतच आणावं लागतं," ती म्हणाली. "बोलावलंत तर येईल. पण आधी ठरवा, तिला बसवणार कुठे?"

"म्हणजे काय? ती मीच आहे. माझ्याच जागेवर बसेल!"



"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा खिडकीशी बसला तेव्हा मी म्हणाले, आज मी सांगते. त्याला बरं वाटलं. "वा, इन्स्पेक्टर," म्हणाला. त्यानं वरची बटणं सोडली, कारण उकडत होतं. छातीवरची ती लांब गुलाबी रेघ दिसत होती. हळूबाई नेहमी पेशंटच्या समोर बसायची, चेहरा दिसावा म्हणून. मीही शेजारी बसले नाही. दाराजवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसले.

बोटं. पोटऱ्या. मांड्या. पोट. मुठी, खांदे, जबडा, कपाळ. घर शांत होतं. नळ बंद, पंखा बंद. श्वास आत गेला, बाहेर आला.

त्याच्या ओठांवर हसू आलं. उजवा हात वळला.

"आता निघायचं," मी म्हणाले. "दोघांनी. तिथे काही ठेवायचं नाही. कुणाला ठेवायचं नाही."

त्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"तिचा हात सोडू नकोस. तिला घेऊन ये. बोटं हलवा. पाय हलवा. उठा. चला, दोघं परत या."

काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

मग नवऱ्यानं डोळे उघडले.

त्यानं आधी समोर पाहिलं नाही. पाय जवळ ओढून घेतले, गुडघे एका बाजूला वळवले. दाटीच्या जागेत कुणाला पुढून जायला वाट द्यावी, तसे. आणि ती वाट संपेपर्यंत तसाच राहिला.

मग तो थोडा डावीकडे सरकला.

"दमलीस?" त्यानं उजवीकडे वळून विचारलं. इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

बैठकीच्या उजव्या बाजूला कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं. मी आयुष्यभर नीट बघण्याचाच पगार घेतला आहे. गादीवर खिडकीतला उजेड पडला होता, दुसरं काही नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "आलो आपण घरी, इन्स्पेक्टर."

"अरे," मी म्हणाले. "मी इकडे आहे."

त्यानं मान वळवली. माझा आवाज ऐकून तो दचकला होता. खोलीत आणखी कुणी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, कुठे पाहिलंय ते आठवत असल्यासारखा, आणि मग कानकोंडा झाला. दोन्ही हात त्यानं छातीशी नेले आणि शर्टाची बटणं भराभर लावून घेतली, अगदी गळ्यापर्यंत.

"माफ करा हं, लक्षात नाही आलं," तो म्हणाला. "हिच्याकडे आलात का?"